वीज गिळणारी पेटी

पॉवर सप्लायवर हवे तेवढे, मोजून-मापून ओझे टाकणाऱ्या उपकरणाला इलेक्ट्रॉनिक लोड म्हणतात. अडॅप्टरच्या पाठीवर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ असे छापलेले असते. मल्टिमीटर लावला की १२.१ दिसतात आणि अडॅप्टर ‘चांगला’ ठरतो. पण मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. आतला कपॅसिटर वाळलेला असला तरी बिनओझ्याचे व्होल्टेज ठीकच दिसते, आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर जोडला की तेच व्होल्टेज आठ-नऊवर बसते. छापलेले २ अँपिअर खरे की खोटे, हे २ अँपिअर ओढल्याशिवाय कळत नाही.

किनवट हे नांदेड जिल्ह्यातले पैनगंगेकाठचे, तेलंगणाच्या आदिलाबादला लागून असलेले तालुक्याचे गाव. अशा गावातल्या दुरुस्तीच्या टेबलावर राउटरचे अडॅप्टर, डीव्हीआरचे सप्लाय, सौर दिव्यांचे कंट्रोलर, आणि कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत बॅटरीवरच्या पंपांचे चार्जर येत राहतात. त्यांतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असतो: ओझे घेतल्यावर टिकतोस का? कारखान्यात त्यासाठी तयार लोड असतात. ठाण्यात प्रभाकर देवधर यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ॲपलॅबसारख्या, पॉवर सप्लाय आणि चाचणीची उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांच्यावाचून चालत नाही. तयार सप्लाय तासन्‌तास पूर्ण लोडवर ठेवूनच बाहेर सोडायचा असतो. दुरुस्तीच्या दुकानाला मात्र विकतचा लोड सहसा परवडत नाही, आणि तो घरी बनवता येतो.

त्याआधी जुने उपाय पाहिलेले बरे, कारण ते अजून वापरात आहेत. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ६०/५५ वॅटचा बल्ब. पेटलेला असताना त्याची मोठी तार सुमारे ५ अँपिअर ओढते आणि उजेडावरून अंदाजही येतो. अडचण सुरुवातीला आहे. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण दहावा हिस्सा असतो, त्यामुळे जोडल्या क्षणी बल्ब कितीतरी पट करंट मागतो. चांगला एसएमपीएस, म्हणजे अडॅप्टरमधला स्विचिंग सप्लाय, याला शॉर्ट समजून स्वतःला बंद करतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद होतो, आणि टिकटिक करत राहतो. धडधाकट सप्लाय अशा वेळी नापास ठरतो. दुसरा उपाय शेगडीच्या कॉइलचा. २३० व्होल्ट, १००० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम असतो. १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढायला २.४ ओहम लागतात, म्हणजे कॉइलचा बाविसावा भाग. कॉइलच्या नायक्रोम तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र करंट बदलायचा तर मगरचिमटा तापल्या तारेवरून सरकवावा लागतो. जनरेटर तपासणारे लोक पिंपात मिठाचे पाणी भरून त्यात लोखंडी पत्रे सोडतात. तेही लोडच, फक्त किलोवॅटच्या हिशेबातले आणि एसीचे.

इलेक्ट्रॉनिक लोडमध्ये हे चिमटा सरकवण्याचे काम मॉसफेट हा गेट, ड्रेन आणि सोर्स अशा तीन पायांचा ट्रान्झिस्टर करतो. गेटवरचे व्होल्टेज वाढवले की मॉसफेट अधिक उघडतो आणि ड्रेनकडून सोर्सकडे अधिक करंट जातो. पण किती व्होल्टला किती करंट जाईल याचा भरवसा नसतो. आयआरएफपी२५०एन या मॉसफेटचे उघडण्याचे व्होल्टेज डेटाशीटनुसार २ ते ४ व्होल्टदरम्यान कुठेही असू शकते, आणि नग तापला की ते आणखी खाली येते. म्हणून त्याच्यावर पहारा बसवावा लागतो. पाटावर जसा पाटकरी असतो, तसा इथे ऑपअँप असतो. पाटकरी दार किती वळसे फिरवले हे मोजत बसत नाही. तो मोजपट्टीवर पाण्याची पातळी बघतो आणि ती ठरलेल्या खुणेवर येईपर्यंत दार कमी-जास्त करतो. मोजपट्टीच्या जागी इथे मॉसफेटच्या सोर्स आणि जमिनीच्या मध्ये एक लहान रोध असतो, त्याला शंट म्हणतात. ०.४७ ओहमच्या शंटमधून १ अँपिअर गेला की त्यावर ०.४७ व्होल्ट पडतात. ऑपअँपच्या एका पायावर हे व्होल्टेज आणि दुसऱ्यावर ‘एवढे हवे’ असे सांगणारे व्होल्टेज दिले, की दोन्ही सारखी होईपर्यंत तो गेट वर-खाली करतो. सप्लायचे व्होल्टेज १२ असो की २०, करंट तोच राहतो.

मॉसफेट, ऑपअँप, शंट आणि ‘एवढे हवे’ सांगणारे संदर्भाचे व्होल्टेज, या चार भागांतले सगळे शहाणपण शंट निवडण्यात आहे. लहान शंट घेतला तर त्यात उष्णता कमी होते, पण ऑपअँपची चूक मोठी दिसते. बाजारात सहज मिळणाऱ्या एलएम३२४ मध्ये दोन पायांमधला जन्मजात फरक ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. ०.१ ओहमच्या शंटवर ७ मिलिव्होल्ट म्हणजे ७० मिलिअँपिअरची चूक, ०.४७ ओहमवर तीच १५ मिलिअँपिअरवर येते. उलट शंट फार मोठा घेतला तर कमी व्होल्टेजच्या सप्लायवर लोड पूर्ण करंट ओढूच शकत नाही, कारण सगळे व्होल्टेज शंटवरच संपते. एलएम३२४ ची निवड मात्र योग्यच आहे: एका डबीत चार ऑपअँप मिळतात आणि त्याचे इनपुट शून्य व्होल्टपर्यंत काम करते, जे इथे अत्यावश्यक आहे. त्याला ५ व्होल्टवर चालवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्याचे आउटपुट वरच्या बाजूला सुमारे दीड व्होल्ट आधीच थांबते, आणि गेटला चार-पाच व्होल्ट लागतात. म्हणून त्याला १२ व्होल्ट द्यावेत.

टेबलावरच्या कामासाठी ३० व्होल्टपर्यंत, ५ अँपिअरपर्यंत आणि १०० वॅटपर्यंतचा लोड पुरतो. तिन्ही मर्यादा एकदम गाठायच्या नसतात. २० व्होल्टवर ५ अँपिअर म्हणजे १०० वॅट झाले. ३० व्होल्टवर ३.३ अँपिअरच्या पुढे जायचे नाही. हे काम चार मॉसफेटमध्ये वाटायचे, प्रत्येकाला सव्वा अँपिअर. चार मॉसफेटचे गेट एकत्र जोडून एकाच ऑपअँपने चालवण्याचा मोह टाळावा. ज्याचे उघडण्याचे व्होल्टेज सगळ्यांत कमी, तो आधी उघडतो, जास्त करंट घेतो, तापतो, आणखी उघडतो, आणि बाकी तिघे थंड बसलेले असताना एकटा जळतो. प्रत्येक मॉसफेटला स्वतःचा शंट आणि स्वतःचा ऑपअँप दिला की वाटणी सक्तीची होते. एलएम३२४ मधले चारही ऑपअँप अशा रीतीने कामी लागतात.

हीच गोष्ट एकेका मॉसफेटच्या आतही घडते, म्हणून तो निवडतानाही जपावे लागते. मॉसफेट म्हणजे सिलिकॉनच्या एका तुकड्यावर शेजारी शेजारी बसलेले हजारो बारीक मॉसफेट. स्विच म्हणून तो पूर्ण उघडतो तेव्हा तापलेल्या भागाचा रोध वाढतो आणि करंट आपोआप थंड भागाकडे वळतो. लोडमध्ये तो अर्धवट उघडा असतो, आणि तिथे उलटे होते: तापलेला ठिपका जास्त करंट ओढतो, अधिक तापतो, आणि तेवढ्याच ठिकाणी भोक पडते. नेपल्सचे संशोधक पाओलो स्पिरिटो यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या आयआरएफझेड४४एनच्या डेटाशीटवर ९४ वॅटचा आकडा आहे, पण त्याच डेटाशीटमधला सुरक्षित क्षेत्राचा आलेख फक्त मिलिसेकंदांच्या झटक्यांसाठी काढलेला आहे. सतत चालणाऱ्या डीसीची रेषाच त्यात नाही. जी रेषा नाही तिथे वचनही नाही. म्हणून मोठ्या सिलिकॉनचे, मोठ्या डबीतले मॉसफेट घ्यावेत आणि त्यांच्याकडून छापील वॅटच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकेच काम घ्यावे. आयआरएफपी२५०एनवर २१४ वॅट छापलेले आहेत. इथे त्याच्या वाट्याला २५ येतात.

आता उष्णता. लोड कोणतेही उपयोगी काम करत नाही. घेतलेली सगळी वीज तो उष्णतेत बदलतो आणि बाहेर फेकतो. १०० वॅट म्हणजे शांत बसलेल्या एका माणसाच्या अंगातून निघते साधारण तेवढी उष्णता, फक्त ती चार नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांतून निघते. तिचा हिशेब अंश प्रति वॅट या एककात होतो. आयआरएफपी२५०एनमध्ये सिलिकॉनपासून डबीच्या पाठीपर्यंत दर वॅटला ०.७ अंश चढतात. मध्ये अभ्रकाची चकती आणि पेस्ट असेल तर आणखी सुमारे अर्धा अंश. २५ वॅटला हे ३० अंश झाले. हीटसिंक ८० अंशांवर ठेवला तर सिलिकॉन ११० वर राहते. मर्यादा १७५ ची आहे, म्हणजे मोकळीक भरपूर.

खरा प्रश्न हीटसिंकपासून हवेपर्यंतचा. पुस्तकातली उदाहरणे २५ अंशांच्या खोलीत सोडवलेली असतात. तिथे ८० आणि २५ यांतला फरक ५५, म्हणून १०० वॅटसाठी ०.५५ अंश प्रति वॅटचा हीटसिंक चालतो. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात हवा त्याहून गरम असते. ४५ धरले तर फरक ३५ उरतो आणि हीटसिंक ०.३५ चा लागतो. म्हणजे त्याच लोडला किनवटात दीडपटीहून अधिक सक्षम हीटसिंक हवा. पंख्याशिवाय हा आकडा गाठायचा तर ॲल्युमिनियमचा ठोकळा फारच मोठा व्हायचा. जुन्या संगणकातला प्रोसेसरचा कूलर, तांब्याच्या नळ्या असलेला असेल तर उत्तमच, या कामाला फार चांगला. तो मुळात ६५ वॅट किंवा त्याहून अधिक उष्णता सतत फेकण्यासाठीच बनवलेला असतो आणि भंगारात मिळतो. वेचणीच्या दिवसांत त्याच्या पात्यांत कापसाचा तंतू अडकतो. तो महिन्यातून एकदा ब्रशने काढला नाही तर वरचा सगळा हिशेब फुकट जातो.

चारही मॉसफेटचे ड्रेन तसेही एकत्र जोडायचे असतात, आणि डबीची धातूची पाठ म्हणजे ड्रेनच. त्यामुळे अभ्रक काढून टाकून चौघांना थेट एकाच हीटसिंकवर बसवता येते आणि तो अर्धा अंश वाचतो. पण मग हीटसिंकवर तपासायच्या सप्लायचा प्लस येतो. तो पेटीच्या पत्र्याला किंवा टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरला लागला की शॉर्ट. घरच्या लोडमध्ये अभ्रक ठेवलेलेच बरे.

हीटसिंकवर तापमान मोजायला १० किलोओहमचा एक थर्मिस्टर चिकटवतात. पुस्तकी आराखड्यांत पंखा ४० अंशांवर सुरू होतो. इथे उन्हाळ्यात तो सकाळपासून रात्रीपर्यंत बंदच होणार नाही. ५० वर सुरू आणि ८५ वर लोड बंद, हे आकडे या हवेला जुळतात.

‘प्रोग्रॅमेबल’, म्हणजे आकडा देऊन करंट ठरवता येणारा, हा शब्द इथवर आलेलाच नाही, आणि ते बरोबर आहे. ऑपअँपला संदर्भाचे व्होल्टेज एखाद्या साध्या पॉटने, म्हणजे फिरवून बदलायच्या रोधाने, दिले तरी लोड चालतो. प्रोग्रॅमेबल करायचे तर पॉटच्या जागी आकड्याचे व्होल्टेज करणारी चिप, म्हणजे डॅक, बसवायची. एमसीपी४७२५ हा १२ बिटांचा डॅक आहे: ० ते ५ व्होल्टच्या ४,०९६ पायऱ्या. दोन रोधांनी हे व्होल्टेज कमी करून पूर्ण आकड्याला ०.५९ व्होल्ट केले, की चारही शंट मिळून ५ अँपिअर होतात आणि एक पायरी सुमारे १.२ मिलिअँपिअरची पडते. या डॅकचा मापदंड म्हणजे त्याचा स्वतःचा सप्लाय. त्याला यूएसबीचे ५ व्होल्ट दिले तर संगणकाचा सगळा गोंधळ लोडच्या करंटमध्ये उतरतो. त्याच्यासाठी वेगळा ७८०५ रेग्युलेटर लावावा.

या चिपची आणखी एक खोड ठाऊक हवी. तिच्यात स्वतःची ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी स्मृती, असते आणि वीज येताच ती तिथे लिहिलेला आकडा बाहेर देते. तिथे मधला आकडा राहिला असेल तर पेटी चालू होताक्षणी, पडद्यावर अक्षर उमटण्याआधीच, अडीच अँपिअर ओढू लागते. पहिल्याच दिवशी तिथे शून्य लिहून ठेवावे.

डॅकला आकडा देण्याचे काम आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर करतो, पण व्होल्टेज आणि करंट मोजायला त्याचा स्वतःचा १० बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, अपुरा पडतो: ३० व्होल्टचे १,०२४ भाग केले की एक भाग सुमारे ३० मिलिव्होल्टचा. एडीएस१११५ ही १६ बिटांची चिप आर्डुइनोशी दोनच तारांनी बोलते. १०० किलोओहम आणि १० किलोओहमच्या दुभाजकाने ३० व्होल्टचे २.७३ करून दिले, तर ती दीड मिलिव्होल्टहून लहान फरक दाखवते. खरा करंट मोजून मायक्रोकंट्रोलर डॅकचा आकडा किंचित सरकवत राहतो, आणि एलएम३२४ ची ती १५ मिलिअँपिअरची चूक धुऊन निघते.

जोडणी झाली आणि आकडे चुकीचे दिसू लागले, तर संशय आधी तारांवर घ्यावा. १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १७ मिलिओहम असतो. जाणारी-येणारी एकेक मीटर धरली तर ५ अँपिअरला ०.१७ व्होल्ट तारेतच पडतात, आणि दोष बिचाऱ्या सप्लायच्या माथी येतो. उपाय चार तारांचा: दोन जाड तारा करंट वाहतात, दोन बारीक तारा थेट सप्लायच्या टोकांवर व्होल्टेज बघतात. बारीक तारांतून जवळजवळ करंटच जात नसल्याने त्यांत काही पडत नाही. शंटच्या बाबतीतही हाच नियम. ऑपअँपची तार शंटच्या पायालाच सोल्डर करावी, वाटेत कुठेही नाही.

दुसरा संशय थरथरण्यावर. ऑपअँप, गेटची दोन-चार नॅनोफॅरडची धारणशक्ती आणि लांब तारा मिळून कधी कधी एक आंदोलकच तयार होतो. मीटरवर सरासरी ठीक दिसते, ऑसिलोस्कोपवर मात्र करंट नाचताना दिसतो. गेटला १०० ओहमचा रोध, ऑपअँपच्या आउटपुटपासून उलट्या पायापर्यंत १ नॅनोफॅरड आणि त्या पायापासून शंटपर्यंत १ किलोओहम, एवढ्याने तो बहुधा शांत होतो. गेटपासून जमिनीपर्यंत १०० किलोओहमचा आणखी एक रोध लावायचा, तो वेगळ्या कारणासाठी. चाचणी चालू असताना वीज गेली तर पेटीचा मेंदू मरतो, पण तपासली जाणारी बॅटरी जिवंतच असते. या रोधाने गेट आपोआप शून्यावर येतो आणि मॉसफेट मिटतो. इनपुटला मोटारीचा साडेसात अँपिअरचा फ्यूज हवाच. प्लस-मायनस उलटे लागले की मॉसफेटमधला अंगचा डायोड कुणाचे न ऐकता सगळा करंट सोडतो. आणि ही पेटी फक्त डीसीची आहे. एसएमपीएस उघडून तपासताना त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट असतात, तिकडे तिची तार जाता कामा नये.

मायक्रोकंट्रोलर आला की लोडला वेगवेगळे स्वभाव देता येतात. ठरलेला करंट हा मूळ स्वभाव. मोजलेल्या व्होल्टेजला ओहमच्या आकड्याने भागून करंट ठरवला की तो ठरलेल्या रोधासारखा वागतो. वॅटच्या आकड्याला व्होल्टेजने भागले की ठरलेली शक्ती ओढतो. चौथा स्वभाव ठरलेल्या व्होल्टेजचा, आणि सौर पॅनेलला तोच लागतो. पॅनेल जेवढा करंट देऊ शकते त्याहून थोडा जास्त मागितला की त्याचे व्होल्टेज धाडकन बसते आणि लोड पूर्ण उघडून शॉर्टसारखा पडून राहतो. त्याउलट व्होल्टेज २१ पासून अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने खाली आणत प्रत्येक ठिकाणी करंट टिपला, की पॅनेलचा पूर्ण आलेख मिळतो. ‘१२ व्होल्टच्या’ पॅनेलची सर्वाधिक शक्ती १७-१८ व्होल्टच्या आसपास सापडते. दुपारच्या तापलेल्या पॅनेलवर त्याहून थोडी खाली. अडॅप्टरसाठी दोनच चाचण्या पुरतात: शून्यापासून छापील करंटपर्यंत चढत जाऊन व्होल्टेज किती बसते ते पाहणे, आणि मग छापील करंटच्या पुढे जाऊन तो स्वतःला वाचवतो की धूर काढतो ते पाहणे. दुसरी चाचणी ग्राहकाच्या अडॅप्टरवर करू नये.

सगळ्यांत जास्त कामाची ठरते ती बॅटरीची चाचणी. फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असते. हा ८ चा आकडा २० तासांच्या हिशेबाने छापलेला असतो: ०.४ अँपिअर ओढत राहिले तर १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला २० तास लागावेत. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी संध्याकाळी लोडवर लावायची. उष्णता जेमतेम ५ वॅट, पंखा सुरूही होत नाही. मायक्रोकंट्रोलर दर सेकंदाला करंटची बेरीज करतो आणि दर मिनिटाला ती ईईप्रॉममध्ये लिहून ठेवतो, म्हणजे रात्री वीज गेली तरी हिशेब जागेवर राहतो. आर्डुइनोच्या ईईप्रॉमची हमी १ लाख वेळा लिहिण्याची. एका चाचणीत १,२०० वेळा लिहिले जाते, म्हणून जागा अधूनमधून बदलावी. घाई असेल तर १.६ अँपिअरने चाचणी चार-पाच तासांत संपते, पण मग उत्तर ८ पेक्षा कमी येणार हे धरून चालायचे: जोरात ओढले की लेड-ॲसिड बॅटरी कमी देते, हे विल्हेल्म प्यूकर्ट याने १८९७ मध्येच सूत्रात मांडले होते.

१०.५ व्होल्ट दिसताच लोडने स्वतःहून करंट शून्य केला पाहिजे. त्याखाली नेलेली बॅटरी चाचणीनेच खराब होते. शून्य केल्यावर व्होल्टेज काही मिनिटांत पुन्हा साडेअकराच्या वर चढते, म्हणून प्रोग्रॅममध्ये एकदा बंद झालेला लोड बटण दाबल्याशिवाय सुरू होऊ देऊ नये, नाहीतर तो रात्रभर चालू-बंद होत बॅटरी पिळत राहतो. ११ तासांत उतरलेली बॅटरी ४.४ अँपिअर-तासांची, म्हणजे निम्म्याच्या थोडी वर उरलेली. चार्जर ठीक असूनही पंप दुपारपर्यंतच का चालतो, याचे कारण हा आकडा सांगतो. उतरलेली बॅटरी त्याच दिवशी पुन्हा चार्जिंगला लावावी लागते. तशीच पडून राहिली तर पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी ४.४ सुद्धा मिळत नाहीत.